नववीतली मुलगी, १०० मीटर आणि हर्डल्स: सोलापूरच्या एका वडिलांना उत्तर

प्रश्न असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागातले एक वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत, आई घरी विड्या वळते. मुलगी नववीत आहे. यंदा शहराच्या शालेय स्पर्धेत १७ वर्षांखालच्या गटात ती १०० मीटरला दुसरी आली. शाळेतले सर म्हणतात, तिला हर्डल्सला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीला घाला, तिथं गर्दी कमी असते. घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, दहावी तोंडावर आली, आता ग्राउंड पुरे. हर्डल्स सुरू करावं का, त्यात हातपाय मोडून घेईल का, आणि यातून पुढं पोट भरतं का, असं वडिलांनी विचारलंय. जाता जाता स्पाइक, म्हणजे खिळ्यांचे बूट, कुठले घ्यावेत हेही विचारलंय.

मी सोलापुरात स्प्रिंट (कमी अंतराची वेगाची धाव) आणि हर्डल्सच्या मुलामुलींना बरीच वर्षं शिकवते, त्यामुळं उत्तर जरा लांबणार आहे. आधी माझं मत सांगते, मग कारणं. ग्राउंड बंद करू नका. १०० मीटर सोडू नका. हर्डल्स जरूर सुरू करा, पण पहिलं वर्ष पदकाचा हिशेब डोक्यात ठेवू नका. आणि शाळा मागं पडू देऊ नका, कारण या खेळामुळं ज्या नोकऱ्या मिळू शकतात त्यातल्या बहुतेकींना दहावी, बारावी किंवा पदवीचा कागद लागतोच.

सरांचं म्हणणं निम्मं खरं आहे. शहर आणि जिल्ह्याच्या पातळीवर १०० मीटरला हीटवर हीट (प्राथमिक फेऱ्या) घ्याव्या लागतात आणि हर्डल्सला कधी कधी एक फायनलसुद्धा धड भरत नाही. चौघी धावतात, तिघींना पदक मिळतं. त्या पदकावर मुलगी विभागाला जाते. शालेय स्पर्धांत आपला जिल्हा पुणे विभागात येतो. तिथं पुणे, पिंपरी-चिंचवड, नगरच्या मुली भेटतात आणि त्यातल्या कितीतरी जणी सिंथेटिक ट्रॅकवर खऱ्या हर्डलवर तयार झालेल्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या हर्डललाच फरक दिसतो. आपली मुलगी तिथून उतरलेल्या चेहऱ्यानं परत येते आणि पुन्हा हर्डल्सचं नाव काढत नाही. गर्दी कमी म्हणून पाठवलेल्या मुलींचं बहुतेक वेळा असंच होतं. तुमच्या मुलीला हर्डल्सकडं वळवायचं असेल तर कारण वेगळं हवं. तिला वेग आहे, हे ते कारण.

हर्डल्स ही स्प्रिंटच आहे. मुलींच्या १०० मीटर हर्डल्समध्ये दहा हर्डल असतात. सुरुवातीपासून पहिल्या हर्डलपर्यंत १३ मीटर, मग दर दोन हर्डलमध्ये ८.५० मीटर, आणि शेवटच्या हर्डलपासून रेषेपर्यंत १०.५० मीटर. महिला गटात उंची ८३.८ सेंटिमीटर, १८ वर्षांखालच्या मुलींना ७६.२ सेंटिमीटर. दोन हर्डलमध्ये तीनच पावलं टाकायची असतात. आता जरा गणित बघा. चांगली धावपटू हर्डलच्या साधारण दोन मीटर अलीकडून पाय उचलते आणि हर्डलपलीकडं साधारण एक मीटरवर उतरते. ८.५० मधून हे तीन मीटर गेले. उरले साडेपाच मीटर, तेवढ्यात तीन पावलं, म्हणजे एक पाऊल सरासरी १.८ मीटरच्या आसपास. मोठ्या खेळाडूला एवढं पाऊल आखूडच पडतं, तिला पाय पटापट उचलावे लागतात. नववीतल्या मुलीला मात्र हर्डलवरून उतरल्यावर, वेग थोडा तुटलेला असताना, हेच पाऊल ताणूनही पुरत नाही. ज्या मुलीकडं सपाट धावण्याचा वेग नाही ती पाचव्या-सहाव्या हर्डलपर्यंत तीन पावलांत पोचूच शकत नाही, मग तिचं तंत्र कितीही सुबक असो.

म्हणून १०० मीटर सोडायची नाही.

आता आपल्याकडं सगळ्यात जास्त काय चुकतं ते सांगते, कारण तुमच्या मुलीचं पुढचं वर्ष यावर ठरणार आहे. शाळेची मुलगी पूर्ण उंचीच्या, पूर्ण अंतरावरच्या हर्डलसमोर पहिल्याच दिवशी उभी केली जाते. ती जोरात निघते. शेवटच्या दोन पावलांत थबकते, पावलं आखूड होतात, हनुवटी वर जाते. हर्डलच्या अगदी छातीशी येऊन ती सरळ वर उडी मारते आणि पलीकडं टाचेवर धप्पकन पडते. पुढच्या हर्डलपर्यंत पाच पावलं, कधी सात. दहा हर्डल असेच उड्या मारून पार होतात आणि टाळ्या पडतात. महिनाभर असं केलं की ती सवय हाडात मुरते, आणि ती काढायला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

मी उलटं करते. हर्डल पार खाली, गुडघ्याच्या आसपास. दोन हर्डलमधलं अंतर मुलीच्या पावलाप्रमाणं कमी करते, सुरुवातीला ७ मीटर, कधी त्याहूनही कमी. तीन पावलं पहिल्या दिवसापासून तीनच, अंतर तिच्यासाठी बदलायचं, पावलांची संख्या बदलायची नाही. जमिनीवर फक्कीनं दोन आडव्या रेघा मारायच्या, एक पाय उचलण्याची जागा, दुसरी उतरण्याची. उचलण्याची रेघ हर्डलपासून लांब आणि उतरण्याची जवळ, हे मुलींच्या डोळ्यांना आधी पटत नाही. सगळ्यांना जवळ जाऊन उडी मारायची असते. रेघेवरून पाय उचलला की पुढच्या पायाचा गुडघा आधी वर येतो, छाती पुढं झुकते, मागचा पाय मांडीतून बाजूला उघडून काखेखालून पुढं येतो आणि मुलगी पलीकडं चवड्यावर उतरते, पळतच. अशा वेळी मी पाठमोरी उभी राहून नुसतं ऐकते. उतरण्याचा आवाज आणि पुढची तीन पावलं एका ठेक्यात वाजली पाहिजेत. एक पाऊल जड वाजलं तर बघायच्या आधीच कळतं की मागचा पाय उशिरा आला. हा ठेका पाच हर्डलला टिकला की मग अंतर ७.५०, मग ८, आणि शेवटी ८.५० करायचं. उंची त्यानंतर वाढवायची. लहान गटाच्या ८० मीटर हर्डल्समध्ये अंतर ८ मीटरच असतं आणि हर्डल आठ असतात, यामागचा विचारही तोच आहे.

पहिल्या हर्डलपर्यंत बहुतेक मुली आठ पावलांत जातात. ब्लॉकमध्ये, म्हणजे निघताना पाय टेकवायच्या ठोकळ्यांत, कुठला पाय पुढं ठेवायचा हे त्यावरून ठरतं. तुमची मुलगी १०० मीटरला जो पाय पुढं ठेवते तो हर्डल्सला बदलावा लागू शकतो. तिला हे सुरुवातीला फार खटकेल. दोन्ही पायांनी निघायची सवय आत्ताच लावली तर पुढं ४०० मीटर हर्डल्सला उपयोगी पडते. मोठी माणसंसुद्धा यावर वर्षं घालवतात. अमेरिकेच्या एरीस मेरिटनं पहिल्या हर्डलपर्यंतची आठ पावलं सातवर आणली आणि २०१२ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, लंडनचं ऑलिंपिक सुवर्ण आणि ब्रुसेल्सला ११० मीटर हर्डल्समध्ये १२.८० सेकंदांचा विश्वविक्रम केला.

एकाच खेळाडूनं स्प्रिंट आणि हर्डल्स दोन्ही धावणं काही नवीन नाही. नेदरलँड्सच्या फॅनी ब्लँकर्स-कून यांनी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर हर्डल्स आणि ४ × १०० रिले अशी चार सुवर्णं मिळवली. तेव्हा त्या ३० वर्षांच्या होत्या, दोन मुलांच्या आई होत्या. आपल्या पी. टी. उषा यांनी १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत २००, ४००, ४०० मीटर हर्डल्स आणि ४ × ४०० रिलेत सुवर्ण घेतलं, शिवाय १०० मीटरला रौप्य. त्याच्या दोन वर्षं आधी लॉस एंजेलिसला ४०० मीटर हर्डल्समध्ये ५५.४२ सेकंद धावून त्या चौथ्या आल्या. कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं. ती वेळ भारतात जवळपास चार दशकं कुणाला गाठता आली नाही. २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत विद्या रामराजनं बरोबर ५५.४२ नोंदवली.

मी मुलींना सगळ्यात जास्त गोष्ट सांगते ती गेल डेव्हर्सची. १९८८ च्या सोल ऑलिंपिकला ती हर्डल्स धावली आणि उपांत्य फेरीत संपली. मग थायरॉइडच्या ग्रेव्हज आजारानं आणि त्यावरच्या उपचारांनी तिचे पाय इतके सुजले, फुटले की कापावे लागतील अशी वेळ आली. त्यातून उठून तिनं १९९२ ला बार्सिलोनात १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. काही दिवसांनी १०० मीटर हर्डल्सच्या फायनलला ती पुढं होती. शेवटच्या, दहाव्या हर्डलला तिचा पाय लागला, ती कोलमडली आणि पाचवी आली. हर्डल्समध्ये तिला ऑलिंपिक पदक कधीच मिळालं नाही, पण १९९३, १९९५ आणि १९९९ अशी तीन जागतिक अजिंक्यपदं तिनं त्याच शर्यतीत घेतली. १०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण १९९६ ला पुन्हा जिंकलं. दहाव्या हर्डलला पाय लागल्यावर घरी बसलेल्या मुली मी आपल्या ग्राउंडवरही पाहिल्यात, म्हणून ही गोष्ट वारंवार सांगावी लागते.

आणि आत्ताची ज्योती याराजी. विशाखापट्टणमची. वडील सुरक्षारक्षक, आई साफसफाईची कामं करणारी. शाळेत असतानाच तिच्यातली हर्डलपटू क्रीडाशिक्षकांना दिसली. अनुराधा बिस्वाल यांचा १३.३८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम २००२ पासून तसाच होता. एप्रिल २०२२ मध्ये कोझिकोडला ज्योती १३.०९ धावली, पण पाठीमागचा वारा सेकंदाला २.१ मीटर होता आणि मर्यादा २.० ची आहे. विक्रम धरला गेला नाही. पुढच्याच महिन्यात सायप्रसला १३.२३ धावून तिनं तो विक्रम नियमात बसवून मोडला. २०२३ मध्ये बँकॉकला आशियाई अजिंक्यपद, चेंगदूला १२.७८ सेकंदांची वेळ, हांगझोउला आशियाई स्पर्धेचं रौप्य. २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकची १०० मीटर हर्डल्स धावणारी ती पहिली भारतीय ठरली. मुलांमध्ये आपल्या मराठवाड्याचा तेजस शिरसे आहे. त्यानं मे २०२४ मध्ये फिनलंडला ११० मीटर हर्डल्स १३.४१ सेकंदांत धावून मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाचा १३.४८ चा राष्ट्रीय विक्रम मोडला.

ही नावं मी स्वप्न विकायला घेत नाही. या सगळ्यांची वयं बघा, एवढंच माझं सांगणं आहे. ज्योतीचा जन्म १९९९ चा, म्हणजे मोठी कामगिरी २२ ते २५ या वयातली. डेव्हर्सचं पहिलं सुवर्ण पंचविशीतलं. मेरिट २७. तुमची मुलगी आज १५ ची आहे. अकरावी-बारावीत ती कितवी आली यावरून तिचं काहीही ठरत नाही. आपल्याकडं मात्र १७ वर्षांखालच्या गटात राज्याला पदक यावं म्हणून त्या वयात मुलींकडून इतकं घासून घेतलं जातं की १९ व्या वर्षी गुडघे आणि मन दोन्ही संपलेलं असतं.

हातपाय मोडण्याची भीती. पडणं होतं, खरचटतं, गुडघे सोलतात. मोठ्या दुखापती बहुतेक वेळा चुकीच्या साहित्यानं आणि कडक जमिनीनं होतात. खऱ्या हर्डलच्या पायाचे आडवे दांडे ज्या बाजूनं धावत यायचं त्या बाजूला असतात, त्यामुळं पाय लागला की हर्डल पुढं कलंडतो आणि मुलगी वाचते. तोच हर्डल उलट्या बाजूनं ओलांडला तर तो पडत नाही, मुलगी पडते. ग्राउंडवर शहाणी माणसंसुद्धा मुलांना परत येताना उलट्या बाजूनं उड्या मारू देतात, तेव्हा तुम्ही स्वतः आवाज द्या. उंची बदलली की खालची वजनंही सरकवायची असतात, नाहीतर हर्डल नको तेवढा घट्ट उभा राहतो. शाळेत वेल्डिंग करून घेतलेले लोखंडी घोडे असतील तर मुलीला त्यावर पाठवू नका. सरावाला पीव्हीसी पाइप नुसता टेकवून ठेवलेला हर्डल पुरतो, लागला की गळून पडतो, आणि खर्च शे-दोनशे रुपयांच्या पुढं जात नाही. शर्यतीत हर्डल पडला म्हणून बाद करत नाहीत, हेही तिला सांगा. हातानं पाडला, किंवा पाय हर्डलच्या बाजूनं त्याच्या उंचीखालून नेला, तर बाद. कितीतरी मुली हर्डल पडेल या धास्तीनंच उंच उड्या मारतात.

जमिनीचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात बुटाला किलोभर चिकटते. म्हणून मुली डांबरी रस्त्यावर पळतात आणि दोन महिन्यांत नडगी धरून बसतात. मुरमाचा बरा पट्टा शोधा, साठ-सत्तर मीटर सरळ मिळाला तरी हर्डल्सच्या सरावाला भरपूर झाला. खडे वेचून घ्या. आठवड्यातून तीन दिवस वेगाचं आणि हर्डलचं काम, दोन दिवस ताकद, उड्या, कमरेची लवचिकता. भिंतीला हात टेकून मागचा पाय हर्डलवरून काढण्याचा व्यायाम घरच्या ओसरीतही होतो, रोज दहा मिनिटं. मार्च ते जून सकाळी साडेसहाच्या आधी ग्राउंडवर उतरायचं आणि आठच्या आत घरी. सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा दुपारी चारला सराव लावणाऱ्या कुणाचंही ऐकू नका. नडगीच्या एका ठरावीक बिंदूवर बोट लावताच कळ येत असेल आणि ती आठवडाभर टिकली तर पळणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तिथं हाडाला बारीक तडा असू शकतो.

(खो-खो खेळलेल्या मुली हर्डल्स लवकर उचलतात असा माझा अनुभव आहे. सोलापूर आणि धाराशिवकडं तो खेळ चांगला रुजलेला आहे. तुमची मुलगी शाळेत खेळत असेल तर तोडू नका.)

खाण्याचं फार मोठं शास्त्र करू नका. ज्वारीची भाकरी, डाळ, मटकी, दही, शेंगाचटणी हे आपलं जेवण धावपटूला चांगलंच आहे, फक्त ते पोटभर आणि वेळेवर हवं. सराव संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी पोटात जाऊ द्या: दोन अंडी, किंवा शेंगदाणे-गूळ आणि दूध. उपाशीपोटी ग्राउंड आणि तिथून थेट शाळा, दुपारी दोनला पहिलं जेवण, अशा मुली मी रोज बघते. त्यांना लोक आळशी म्हणतात, त्या अर्धपोटी असतात. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. पाळी सुरू झाल्यावर लोह कमी पडतं आणि वेळ का घसरतेय ते कुणालाच कळत नाही. पाळी दोन-तीन महिने थांबली तर "खेळाडूंचं असं होतंच" म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडं न्या. आईनं तिच्याशी याबद्दल मोकळं बोलावं, आणि सरावाच्या जागी स्वच्छतागृह आहे का हे वडिलांनीही बघावं. कितीतरी मुलींचं ग्राउंड त्या एका कारणानं सुटतं.

आणखी एक गोष्ट अगदी ठामपणे. कुणी "ताकदीचं इंजेक्शन", "रिकव्हरीच्या गोळ्या", बिनलेबलची पावडर देऊ केली तर त्या माणसापासून मुलीला त्या दिवशीच तोडा, मग तो कितीही पदकं मिळवून देणारा असो. उत्तेजकांच्या प्रकरणांत आपल्या देशाचं नाव जगात फार वर आहे, आणि हा प्रकार शाळकरी वयापर्यंत उतरलाय. नाडाची (उत्तेजकांची तपासणी करणारी राष्ट्रीय संस्था) तपासणी राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धांतही होते. मुलीच्या शरीराचं जे नुकसान होतं ते तर तपासणीत सापडो न सापडो, होतंच. तसंच जन्मतारखेचं. वय दोन वर्षं कमी दाखवून पदक आणण्याचा सल्ला मिळेल. हाडांच्या वयाची तपासणी होते, आणि एकदा बट्टा लागला की पुढच्या सगळ्या दाखल्यांवर शंका येते.

आता पोटापाण्याचं. नुसत्या धावण्यावर पोट भरणाऱ्या खेळाडू देशात मोजक्या आहेत. तुमची मुलगी त्यात असेल असं मी म्हणू शकत नाही, नसेल असंही नाही. पण त्या खालच्या पायऱ्या बऱ्याच रुंद आहेत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कुठल्या गटाच्या पदाला कुठल्या पातळीचं यश लागतं ते शासन निर्णयात दिलेलं असतं, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. म्हणून आजपासून प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, प्रवेशपत्रिका, निकालाची प्रत एका फाइलला लावा. अधिकृत स्पर्धा आणि कुणीही भरवलेली "राष्ट्रीय" स्पर्धा यातला फरक आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. पैसे भरून मिळणाऱ्या पदकाला पडताळणीत किंमत नसते. रेल्वे, सैन्यदलं, पोलीस खेळाडूंची भरती करतात. आणि साधी पोलीस भरती घेतली तरी मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेकच असते. सोलापूरच्या कुठल्याही मैदानावर पहाटे जाऊन बघा, निम्मी गर्दी त्याच तयारीची असते. स्प्रिंट शिकलेली मुलगी त्या १०० मीटरला कशी पळते ते वेगळं सांगायला नको.

केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर खेळाडूला वर्षाला १ लाख २० हजार रुपये हातखर्च मिळतो, शिवाय प्रशिक्षण आणि निवासाचा खर्च वेगळा. निवड राष्ट्रीय पातळीच्या कामगिरीवर होते, म्हणजे हे तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं बोलणं. राज्याच्या क्रीडाप्रबोधिनीच्या निवडचाचण्यांवर लक्ष ठेवा. पण मुलगी घरापासून दूर जाणार असेल तर आधी आईवडिलांनी स्वतः जाऊन वसतिगृह, जेवण, महिला प्रशिक्षक बघून यावं. शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यावरून पळायची लांब शर्यत) रिओ ऑलिंपिकची फायनल धावल्या, १० व्या आल्या, आणि पुढं राज्य शासनानं त्यांना उपजिल्हाधिकारी म्हणून नेमलं. त्यांचं शिक्षण झालेलं होतं म्हणून ती खुर्ची घेता आली. धावणं संपल्यावर बीपीएड करून क्रीडाशिक्षिका, किंवा पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम करून प्रशिक्षक होण्याचा रस्ताही आहे. जिल्ह्यात हर्डल्स नीट शिकवणाऱ्या महिला प्रशिक्षक फार थोड्या आहेत, ती जागा मोकळीच आहे.

४०० मीटर हर्डल्सबद्दल तिला कुणी ना कुणी लवकरच सुचवेल. पहिल्या हर्डलपर्यंत ४५ मीटर, मग ३५-३५ मीटरचं अंतर, शेवटी ४० मीटर. हर्डल फक्त ७६.२ सेंटिमीटरचे, म्हणून सोपी वाटते. ती शर्यत शेवटच्या शंभर मीटरला माणसाची परीक्षा बघते. पाय जड झाले की पावलांचा हिशेब चुकतो आणि नको त्या पायानं हर्डल घ्यावा लागतो. अकरावीपर्यंत तिला त्यात घालू नका. २०० आणि ३०० मीटर पळू द्या, दोन्ही पायांनी हर्डल घ्यायला शिकू द्या. तेव्हा तिचा कल आपोआप दिसेल.

दहावीचं वर्ष असं धरा. शालेय स्पर्धांचा हंगाम साधारण पावसाळ्यात सुरू होतो आणि दिवाळीच्या आसपास विभाग-राज्य होतं. तोवर आठवड्याला पाच दिवस, सकाळी सव्वा तास. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली की समजा परीक्षा महिना-सव्वा महिन्यावर आहे. तिथून तीन दिवस, पाऊण तास, फक्त हलकी धाव आणि लवचिकता. ग्राउंड पूर्ण बंद केलेल्या मुली त्या वेळात जास्त अभ्यास करतात असं मला कधी दिसलं नाही. झोप मात्र कमी होऊ देऊ नका. परीक्षेनंतर एप्रिलमध्ये लगेच जोर लावू नका, पहिले दोन आठवडे सावकाश.

वर्षअखेरीला तिनं हर्डल्सला राहायचं की नाही हे कसं ठरवायचं, तर तिची १०० मीटरची वेळ आणि १०० मीटर हर्डल्सची वेळ शेजारी मांडा. फरक तीन-साडेतीन सेकंदांचा असेल तर तंत्र अजून कच्चं आहे, घाई करू नका. फरक दोन सेकंदांच्या आसपास आला तर ती हर्डल्सची मुलगी आहे, आणि तेव्हा पुण्याला बालेवाडीच्या ट्रॅकवर एखादी खुली स्पर्धा धावून बघायला हरकत नाही. उंचीचं फार मनावर घेऊ नका. पुरुषांच्या १०६.७ सेंटिमीटरला उंची लागते. मुलींच्या हर्डलला पायांचा चटपटीतपणा आणि न थबकणारं मन जास्त उपयोगी पडतं.

स्पाइकचं. महागडे घेऊ नका. सुरुवातीचा स्प्रिंट स्पाइक दोन-तीन हजारांत मिळतो, तो हर्डल्सलाही चालतो. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात, त्या वेळी घालून बघा. अंगठा टोकाला टेकेल इतपत घट्ट, पण बोटं दुमडणार नाहीत असा. खिळे सुटे निघणारे हवेत. सिंथेटिक ट्रॅकवर ९ मिलिमीटरपेक्षा लांब खिळा चालत नाही, स्पर्धेला तपासतात. मुरमावर लांब खिळा लावता येतो, पण तो लवकर झिजतो, म्हणून खिळ्यांचा एक जास्तीचा संच आणि ते काढायची चावी पिशवीत ठेवायला सांगा. पहिले दोन महिने तर स्पाइक घालूच नका. साध्या बुटांवर ठेका बसू द्या, मग घ्या.